पाठदुखी, सूप आणि उसने पैसे: ‘सोल किचन’विषयी

आता फातिह अकिन यांचा ‘सोल किचन’ घेऊ. २००४ साली बर्लिनमध्ये गोल्डन बेअर मिळवणारा हा गंभीर दिग्दर्शक २००९ मध्ये चक्क विनोदी सिनेमा करतो. व्हेनिसला त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कारही मिळतो.

हॅम्बुर्गच्या विल्हेल्म्सबर्ग भागातली एक जुनी वखार. तिथे झिनोस हा ग्रीक वंशाचा तरुण खाणावळ चालवतो. चालवतो म्हणजे काय, फ्रीझरमधले माशाचे तुकडे तळून देतो, आणि नेहमीची गिऱ्हाइकं त्यावर खूश! झिनोसचं काम करणारा अ‍ॅडम बूसदूकोस सहलेखकही आहे. त्याने हॅम्बुर्गमध्ये खरोखरच ग्रीक खानावळ चालवली होती. ते दिसतं हो. भांडी धुण्याचं यंत्र हलवताना झिनोसची पाठ जाते, आणि मग जवळजवळ अख्खा सिनेमा तो वाकून चालतो. आरोग्य विमा नाही. आपण हसतो, पण हॉटेलधंदा शरीरावर काय वसूल करतो, हे इतकं थेट दाखवणारे विनोदपट थोडे.

मग शायन हा आचारी येतो. गझपाचो हे थंडच प्यायचं सूप. गिऱ्हाईक म्हणतं, गरम करून द्या. तो सुरा काढतो, पण सूप गरम करत नाही! (हशा) त्याच्या हातचं जुन्या गिऱ्हाइकांना रुचत नाही, ती निघून जातात. पुढे गाणंबजावणं सुरू होतं, नवी गर्दी लोटते.

आता अशा सिनेमांचा ठरलेला हिशेब काय असतो? जेवण सुधारलं की हॉटेल वाचलं. इथे तसं होत नाही. जागेवर डोळा ठेवून बसलेला दलाल आहे, आणि झिनोसचा भाऊ इलियास जुगारात हॉटेलच घालवून बसतो. शेवटी ते परत मिळतं कशाने? चवीने नाही, लिलावात. आणि तेही पूर्वीच्या प्रेयसीने, नादीनने, वारशातून उसने दिलेल्या पैशांवर.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ही पटकथेची पळवाट वाटली होती. आज तसं वाटत नाही. उलट अकिन इथेच खरं बोलतात. शायनचं सूप कितीही चांगलं असो, वखारीखालची जमीन त्याने विकत घेता येत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. शेवटी झिनोस नव्या मैत्रिणीसाठी, आनासाठी स्वयंपाक करतो, सगळं गोड. पण नादीनचे पैसे फेडायचेत, त्याचं काय? त्याबद्दल सिनेमा अवाक्षर काढत नाही.