ओळी आडव्या करताना काय गळतं?

मंडळी, आज मालेत बोलतोय, तेव्हा उदाहरण सातबाऱ्याचंच घेऊ. नमुना ७ हक्काचा, नमुना १२ पिकांचा.

समजा, तक्त्यात एका गटाच्या तीन ओळी आहेत : खरीप भात, खरीप नाचणी, रब्बी हरभरा. आपल्याला गटामागे एकच ओळ हवी; खरीप, रब्बी हे रकाने. सर्रास शिकवला जाणारा उपाय असा : गटावर ‘ग्रुप बाय’, प्रत्येक हंगामाला एक ‘केस’, त्यावर ‘मॅक्स’. उत्तर देखणं येतं. पण बघा, खरिपात फक्त भात उरला! नाचणी गेली कुठे? शब्दांमध्ये मॅक्स वर्णक्रमानं शेवटचा शब्द ठेवतो. ‘न’नंतर ‘भ’ येतो, एवढंच कारण. एरर नाही, काही नाही. माझा आक्षेप इथे आहे : ‘एका हंगामात एकच पीक’ हे आपण न बोलता गृहीत धरलं.

तुम्ही म्हणाल, मॅक्स नको, ओळी जोडून घेऊ. मायएसक्यूएलमध्ये ‘ग्रुप कॉन्कॅट’ आहे. आहे ना! पण त्याची मूळ मर्यादा १०२४ बाइट. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ३४१ चिन्हं. सामाईक गटावरच्या पंचवीस खातेदारांची पूरी नावं जोडलीत, तर शेवटची कापली जातील. इशारा येतो, पण वाचतो कोण?

म्हणून मर्यादा आधी वाढवा. आणि मॅक्स लावण्यापूर्वी गट-हंगामागे ओळी ‘काउंट’नं मोजा. एकाहून जास्त निघाल्या, तर थांबा. गळालेली ती ओळ कुणाच्या तरी शेतातली नाचणी आहे.