'काळा घोडा' : नाम आणि शिल्प

दक्षिण मुंबईतील 'काळा घोडा' हे स्थलनाम नागरी स्मृतीच्या अभ्यासकास उद्बोधक वाटावे असे आहे. सर अल्बर्ट ससून यांनी नगरास दिलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा (पुढे सातवा एडवर्ड) अश्वारूढ पुतळा येथे १८७९ साली उभा राहिला. लोकांनी स्थळास नाव दिले ते मात्र स्वाराचे नव्हे, घोड्याचे. दिसेल त्या गुणावरून नाम सिद्ध करणे ही लोकभाषेची स्वाभाविक प्रवृत्तीच होय. १९६५ साली पुतळा येथून हलविण्यात आला व पुढे भायखळ्याच्या उद्यानात गेला. नाव जागच्या जागी राहिले. आधारभूत वस्तू गेल्यावरही संज्ञा टिकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

२०१७ साली या परिसरात स्वाररहित घोड्याचे नवे शिल्प बसविण्यात आले. सामान्यतः वस्तूवरून नाव पडते. येथे नावावरून वस्तू घडली. लोकांच्या शब्दाला मिळालेली ही मान्यता स्वागतार्ह आहे. तथापि एक उणीव नोंदविणे प्राप्त आहे. राजपुत्र डोळ्यांसमोर असताना लोकांच्या तोंडी घोडा राहिला, यात त्या नावाचे मर्म आहे. रिकाम्या पाठीच्या घोड्यात ही निवडच दिसेनाशी होते. परकीय सत्तेचा गौरव नको, हे मान्य. परंतु काय वगळले हे कळल्यावाचून वगळण्याचा अर्थ कळत नाही. भायखळ्याचा पुतळा व येथील शिल्प ही जोडीने पाहिली, तरच या नावाचा इतिहास पूर्ण वाचता येतो. नागरी रचनेने ती जोड दाखवून देणे अगत्याचे आहे.