पेंग कुणाची, वामकुक्षी कुणाची?

झोप येऊ लागली की काय होते, हे सांगायला मराठीत शब्दांची टंचाई नाही. डुलकी, पेंग, झापड, गुंगी, सुस्ती, तंद्री हे चटकन आठवणारे. शब्दकोशात ते एका अर्थाखाली एकत्र बसतात. व्यवहारात मात्र त्यांच्यात पंक्तिभेद आहे. घरधनी जेवणानंतर वामकुक्षी घेतात. त्यांचाच गडी बांधावर लोळत पडतो. कवीची तंद्री लागते. रात्रपाळी करून आलेला कामगार पेंगतो. शरीराचा धर्म एकच, पण एका शब्दाला आदर आणि दुसऱ्याला हसू, अशी ही वाटणी आहे.

गावात ‘निजानीज झाली’ असे म्हणतात. निजले कोण? वेसकर महार वेशीवर जागाच असे. रात्रीची गस्त घालणाऱ्याला तर नावच ‘जागल्या’ होते, आणि ते काम बऱ्याच ठिकाणी रामोशांसारख्या जातींकडे असे. जागे राहणे ही जन्माने गळ्यात पडलेली चाकरी होती. १८७४ च्या वतन कायद्याने या चाकरीला सरकारी शिक्का दिला. तो बदलण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले; महार वतन प्रत्यक्षात गेले ते १९५८ च्या कायद्याने. आज वर्तमानपत्रे गैरव्यवहार उघड करणाऱ्याला ‘जागल्या’ म्हणतात. शब्दाला प्रतिष्ठा मिळाली हे ठीक. त्यामागची भाकरतुकड्यावरची रात्र मात्र विसरली गेली.

देवाच्या झोपेची व्यवस्था तर चोख आहे. आषाढात शयनी एकादशी, कार्तिकात प्रबोधिनी. पंढरपुरात रोज रात्री शेजारती, पहाटे काकडआरती. ज्यांनी गावाच्या वेशी राखल्या त्यांना या मंदिरात पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ‘प्रबोधन’ या शब्दाचे मूळ याच झोप-जागेच्या कल्पनेत आहे. सुधारकांनी तो समाजाला लावला आणि ‘निद्रिस्त समाज’ ही प्रतिमा रूढ झाली.

माझा आक्षेप आहे तो ही प्रतिमा आपल्या कवितेने आणि व्यासपीठाने तपासून न घेता उचलली याला. वस्तीला झोपलेली ठरवून ‘ऊठ’ म्हणणाऱ्या ओळी अजून लिहिल्या जातात. वस्तुस्थितीशी त्यांचा मेळ बसत नाही. या माणसांपाशी जमीन नव्हती, अक्षर नव्हते, पाणवठ्याचा हक्क नव्हता. जाग भरपूर होती. परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी सुभेदार रात्री दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवीत, कारण त्याआधी त्या खोलीत अभ्यासाला शांतता मिळत नसे. ती विद्या झोपेतून कापून घेतलेल्या तासांवर उभी राहिली.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही जागृतीच सांगितली. १९५६ साली पत्राचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ केले. खरे आहे. पण प्रबुद्ध होणे म्हणजे ज्याचा त्याने मिळवलेला बोध. धम्मात ‘थीनमिद्ध’, म्हणजे आळस आणि सुस्ती, हे पाच नीवरणांपैकी एक. साधकाने ते स्वतःत ओळखायचे असते. दुसऱ्याला दूषण देण्यासाठी ते नाही. मोग्गल्लान ध्यानाला बसले असता पेंगू लागले, तेव्हा बुद्धाने त्यांना उपाय सांगितल्याची कथा अंगुत्तर निकायात आहे: शिकलेल्या धम्माचे चिंतन करावे, कान ओढावेत, डोळ्यांना पाणी लावून ताऱ्यांकडे पाहावे, चंक्रमण करावे, आणि तरीही झोप हटली नाही तर उठण्याची वेळ मनाशी ठरवून उजव्या कुशीवर निजावे. थकलेल्या शरीराला झोप लागते, हे येथे मान्य आहे. त्यात हेटाळणी नाही.

समीक्षेने हा निकष लावावा. कवितेत ‘झोप’ आली की ती कुणाची, कशाने आलेली, हे विचारावे. कार्यकर्त्यांनाही तेच लागू आहे. रात्री दहाच्या सभेत पुढची बाई पेंगत असेल, तर तिला जागे करणारी घोषणा देण्याआधी ती पहाटे किती वाजता कामाला निघाली ते विचारावे आणि सभेची वेळ बदलावी. शिक्षकांनी शेवटच्या बाकावरच्या मुलाला ‘झोपाळू’ म्हणण्याआधी एवढीच चौकशी करावी.