नियमाची संहिता : ऑनलाइन गेम आणि मराठी समीक्षेपुढील प्रश्न

१

व्हिडिओ गेमविषयी मराठीत जो विचार होतो, तो बहुतांशी दोन टोकांवरून होतो. एका टोकाला पालक, शिक्षक आणि वृत्तपत्रे असतात. त्यांच्या लेखी गेम हे व्यसन असते, आणि त्याची चर्चा आरोग्य, शिस्त व पोलीस यांच्या परिभाषेत होते. दुसऱ्या टोकाला उद्योगजगत असते. तेथे गेम ही बाजारपेठ असते, आणि तिची चर्चा उलाढालीच्या आकड्यांत होते. गेम ही एक अर्थपूर्ण रचना आहे, तिला स्वतःचा घाट आहे, आणि म्हणून ती समीक्षेचा विषय होऊ शकते, ही तिसरी भूमिका मराठीत अभावानेच आढळते. मराठी समीक्षेने चित्रपटाला उशिरा का होईना, विचारविषय मानले. गेमच्या बाबतीत तिने अद्याप पुरेसे कुतूहलही दाखवलेले नाही.

वस्तुतः ही उदासीनता आपल्या परंपरेशी विसंगत आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील उत्पत्तिकथेत देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात, त्याला 'क्रीडनीयक' म्हटले आहे. क्रीडनीयक म्हणजे खेळणे, जे पाहता येईल आणि ऐकताही येईल असे खेळणे. नाट्याची ही पहिली ओळख कलेच्या नव्हे, खेळाच्या शब्दाने झाली आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन केलेले आणि पुढे तेथेच प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांनी नाट्यशास्त्राचा दीर्घकाळ विचार केला. तेव्हा कलाविचारात खेळाला स्थान द्यावयाचे असेल, तर त्यासाठी योहान हॉइझिंगाच्या 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथापासूनच प्रारंभ केला पाहिजे असे नाही. दृश्य आणि श्रव्य अशा क्रीडनीयकाला तिसरे परिमाण मिळाले, ते 'कृत्य' झाले, म्हणजे प्रेक्षकाला स्वतः करावे लागणारे झाले, की व्हिडिओ गेमचा प्रदेश सुरू होतो.

मग या प्रकाराचे माध्यम कोणते? मर्ढेकरांनी प्रत्येक कलेच्या माध्यमाचा प्रश्न मराठी सौंदर्यविचारात मध्यवर्ती केला. त्यांची उत्तरे सर्वांना मान्य झाली नाहीत. परंतु प्रश्न टाळता येत नाही. गेममध्ये चित्र असते, संगीत असते, कथा असते. पण ही सर्व अन्य कलांची माध्यमे आहेत. केवळ खेळाचे असे जे असते, ते म्हणजे नियम. काय करता येते, काय करता येत नाही, कशाचे फळ मिळते आणि कशाची शिक्षा होते, याची जी व्यवस्था असते तिच्यातूनच गेम बोलतो. एस्पेन ओर्सेट यांनी 'सायबरटेक्स्ट'मध्ये (१९९७) वाचकाच्या प्रयत्नावाचून पुढे न सरकणाऱ्या संहितांचा विचार केला; इयन बोगोस्ट यांनी 'पर्सुएसिव्ह गेम्स'मध्ये (२००७) प्रक्रियांच्या द्वारे होणाऱ्या युक्तिवादाची मांडणी केली. दोघांच्या प्रतिपादनाचे सार आपल्या परिभाषेत असे सांगता येईल : गेमची संहिता ही नियमांची संहिता होय. म्हणून गेमच्या समीक्षकाने पडद्यावर काय दिसते याआधी नियम काय म्हणतो हे वाचले पाहिजे.

२

हा वाचनव्यवहार नांदेड-लातूरच्या संदर्भात करावयाचा तर तेथील माध्यमेतिहास ध्यानात घ्यावा लागतो. पाश्चात्त्य देशांत आणि जपानमध्ये गेमचा इतिहास कन्सोलच्या पिढ्यांनी मोजला जातो. दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच, त्याला जोडलेले यंत्र आणि विकत घेतलेली कार्ट्रिज किंवा तबकडी, असा तो कौटुंबिक मालकीचा इतिहास आहे. मराठवाड्यातील शहरांत कन्सोल हा घरोघरीचा पदार्थ कधीच झाला नाही. १९९० नंतरच्या दशकात भारतीय बाजारात आलेले, टीव्हीला जोडावयाचे स्वस्त नकली संच काही घरांत आले. पुढे सायबर कॅफे आले. पण महाग यंत्र, त्याहून महाग तबकड्या, घरात एकच टीव्ही आणि विजेचे भारनियमन या परिस्थितीत कन्सोलची संस्कृती रुजणे कठीणच होते. २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला, आणि गेम थेट हातातील फोनवर, ऑनलाइन आणि मूल्यावाचून आला.

या वगळलेल्या टप्प्याचा परिणाम केवळ तांत्रिक नाही. कन्सोलवरील गेम ही संपलेली, बांधीव कृती असते. पुस्तकाप्रमाणे ती कपाटात राहते, मित्राला देता येते, पुन्हा उघडता येते. ऑनलाइन गेम ही कृती नसून सेवा असते. तिचे नियम दर काही आठवड्यांनी बदलतात, आणि ती मालकाच्या सर्व्हरवर चालू असते तोवरच अस्तित्वात असते. येथील बहुसंख्य खेळाडूंना गेम या वस्तूचा परिचयच मुळी सेवा म्हणून झाला. गेम आपल्या मालकीचा असू शकतो, हा अनुभव त्यांच्या वाट्याला आला नाही.

३

नियम वाचणे म्हणजे काय, हे एका जुन्या उदाहरणाने स्पष्ट होईल. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला गेलेला मोक्षपट हा सापशिडीच्या कुळातील खेळ. त्यात घरांना गुणदोषांची नावे असतात. सद्गुण वर नेतो, दुर्गुण खाली आणतो. इतके वाचून थांबले तर मोक्षपट ही नीतिपाठाची सचित्र पाटी ठरते. परंतु नियम काही वेगळे सांगतो. दान पडेल तसे पुढे जावयाचे असते. खेळाडूला निवड नसते. म्हणजे चित्र म्हणते, सद्गुणी हो. नियम म्हणतो, काय घडावे हे तुझ्या हाती नाही. चित्र आणि नियम यांच्या या ताणातच मोक्षपटाचा खरा आशय आहे. प्रयत्न आणि प्रारब्ध यांचे द्वंद्व तेथे सांगितलेले नाही, खेळावयास लावलेले आहे. हुतूतू, हमामा, फुगडी, टिपरी, विटीदांडू अशा खेळांवर संतांनी जी रूपके रचली, त्यांतही खेळाची बाह्य शोभा गौण आहे. दम धरणे, फेर धरणे, डाव साधणे या क्रियाच तेथे अर्थवाहक होतात. नियम वाचण्याची दृष्टी मराठी परंपरेला परकी नाही, याचा हा पुरावा होय.

याच कसोटीवर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निंटेंडो स्विच या कन्सोलवर आणलेल्या 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' या गेमचा विचार करता येईल. सर्कशीत काम करणारी राजी, तिचा असुरांनी पळवलेला भाऊ गोलू, तिची निवड करणारी दुर्गा, असे त्याचे कथानक आहे. लघुचित्रांची शैली, बाहुल्यांच्या छायाखेळाची आठवण देणारी कथनदृश्ये, राजस्थानी किल्ल्यांची वास्तू यांनी त्याचे दृश्यविश्व श्रीमंत झाले आहे. विष्णू आणि दुर्गा हे त्याचे निवेदक. ही निवेदकद्वयाची योजना कथेकऱ्यांच्या परंपरेला जवळची आहे, आणि मोठ्या भांडवलावाचून उभ्या राहिलेल्या या कृतीचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु नियमांच्या पातळीवर राजी काय करते? ती उड्या मारते, भिंतीवर धावते, शत्रूंच्या टोळ्या संपवते आणि पुढील दालनात जाते. हे व्याकरण जगभरच्या अ‍ॅक्शन गेमांचे आहे. देवता बदलल्या, आयुधे बदलली. कृतीची क्रियापदे तीच राहिली. मंडले फिरवून जुळवण्याच्या कोड्यांत तेवढे नियम आणि प्रतिमा एकमेकांना भेटतात : तुटलेले चित्र जुळवणे ही तेथे एकाच वेळी कृतीही असते आणि कथाही.

देशीवादाच्या चर्चेत आपण आशयाचे देशीपण आणि घाटाचे देशीपण यांत फरक करावयास शिकलो. कादंबरीत गावाची बोली आली म्हणजे कादंबरी देशी झाली असे होत नाही, हे मराठी वाचक जाणतो. गेमच्या बाबतीत मात्र पडद्यावर त्रिशूळ दिसला की आपले समाधान होते. पुण्यात तयार झालेल्या या गेमचे निवेदन मूळ आवृत्तीत इंग्रजीत होते, २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आले. ही भाषेची बाब दुय्यम नाही. परंतु उद्या मराठी निवेदन आले तरी नियमांच्या देशीपणाचा प्रश्न शिल्लकच राहील.

४

नांदेड-लातूरच्या तरुणांच्या फोनवर जो गेम प्रत्यक्ष पोहोचला, तो मात्र 'राजी' नव्हे, 'पबजी मोबाइल' होय. २०१८ मध्ये आलेल्या या गेमचा नियम थोडक्यात सांगता येतो. शंभरपर्यंत खेळाडू एका बेटावर रिकाम्या हाताने उतरतात. सुरक्षित वर्तुळ आक्रसत जाते. अखेरीस एक खेळाडू किंवा एक संघ उरतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने तो भारतासाठी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने आणला. जुलै २०२२ मध्ये तोही अ‍ॅपच्या दुकानांतून काढण्यात आला, आणि मे २०२३ मध्ये परतला. या भारतीय अवतारात रक्ताचा रंग हिरवा झाला आणि अल्पवयीनांच्या खेळण्याच्या वेळेवर मर्यादा आली. आक्रसणारे वर्तुळ मात्र तसेच राहिले. चित्राची दुरुस्ती झाली, नियमाची झाली नाही. ज्यांना संहिता केवळ चित्रात दिसते, त्यांची दुरुस्तीही चित्रापाशीच थांबते.

या नियमाचे लातूरमध्ये वाचन करताना एक साम्य नजरेआड करता येत नाही. 'लातूर पॅटर्न' या नावाने ओळखली जाणारी अध्ययनपद्धती ही या शहराची मोठी सांस्कृतिक रचना आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी मराठवाड्याच्या आणि बाहेरच्याही गावांतून विद्यार्थी येथे येऊन राहतात. २०२५ च्या 'नीट' परीक्षेत १८० प्रश्नांना ७२० गुण होते. बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला उणे एक. हीदेखील नियमांचीच संहिता आहे. पुष्कळांनी एकाच वेळी उतरावयाचे, जागांचे वर्तुळ लहान, चूक महाग, आणि उरतील ते थोडे. अशा विद्यार्थ्याने फावल्या वेळी हा गेम उघडला तर तो अभ्यासापासून पळाला असे म्हटले जाते. नियमांच्या पातळीवर पाहता तो पळालेला नाही. तो त्याच व्याकरणात आहे.

तथापि हे साम्य सांगून थांबणे अपुरे ठरेल, कारण अर्थ फरकात असतो. संघाने खेळताना घायाळ होऊन पडलेल्या सोबत्याला उचलून पुन्हा उभे करण्याची मुभा हा गेम देतो. परीक्षेच्या नियमात पडलेल्याला उचलण्याचे क्रियापदच नाही. गेममधील पराभव अर्ध्या तासात पुसला जातो. परीक्षेतील पराभव वर्ष घेतो. म्हणजे हा गेम स्पर्धेचे व्याकरण तसेच ठेवतो, पण त्यात सोबत आणि पुनरारंभ या दोन गोष्टींची भर घालतो. परीक्षेची रचना ज्या गोष्टी नाकारते नेमक्या त्याच येथे मिळतात, हे त्याच्या ओढीचे एक कारण असू शकते. केवळ 'व्यसन' हा शब्द वापरून हे दिसत नाही. तो शब्द प्रश्न बंद करतो. गेमचा अपाय नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु अपाय समजून घ्यावयाचा, तरी मुलाला तेथे काय मिळते हे आधी वाचावे लागेल.

५

अखेरचा प्रश्न नियमांच्या मालकीचा आहे, आणि गेम या माध्यमाचे भवितव्य त्याच्याशीच निगडित आहे. गल्लीतील विटीदांडूचा नियम खेळणाऱ्यांच्या तोंडी असतो. भिडू कमी असतील तर तो बदलतो, लहानग्याला सवलत मिळते, 'रडीचा डाव' म्हणून भांडण होते, आणि त्या भांडणातून नवा नियम ठरतो. नियमाविषयी भांडता येणे हा खेळाचा भाग असतो. कदाचित त्याचे सर्वांत मोठे सामाजिक शिक्षण तेच असते. ऑनलाइन गेममध्ये नियम दूरच्या सर्व्हरवर असतो. खासगी रूम उघडून काही फेरफार करता येतात हे खरे. पण काय बदलता येईल हेही तेथे आधीच ठरलेले असते. खेळाडू नियम पाळू शकतो किंवा खेळ सोडू शकतो; त्याच्याशी वाद घालू शकत नाही.

या व्यवस्थेतील कृतीचे आयुष्य किती अस्थिर असते, हे अलीकडच्या घटनांनी दाखवले आहे. गूगलची 'स्टेडिया' ही गेमसेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. युबिसॉफ्टने 'द क्रू' या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ अखेर बंद केले, आणि ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांनाही तो खेळता येईना. कन्सोलही तबकडीकडून सेवेकडे सरकत आहेत. मराठवाड्याने जो टप्पा वगळला त्याच्या पुढे, येथे जे आधीच घडून गेले आहे तेथेच, उर्वरित जग पोहोचत आहे. जात्यावरची ओवी लिहिली गेली नव्हती तरी टिकली, कारण तिची रचना गाणाऱ्या बायांच्या मुखी होती. ऑनलाइन गेम लिहिलेला असूनही टिकत नाही, कारण त्याची रचना खेळणाऱ्यांपाशी नसते. मौखिक आणि लिखित या आपल्या परिचित द्वंद्वात न बसणारी ही संहिता आहे.

कायद्याने या क्षेत्राकडे लक्ष दिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने ई-स्पोर्ट्स, सामाजिक गेम आणि पैशांवरील गेम असे भेद केले आणि तिसऱ्या प्रकारावर बंदी घातली. पैसा लागला की नाही, हा कायद्याचा प्रश्न रास्त आहे. पण नियम कोणाचा, तो काय म्हणतो, आणि त्याच्याशी भांडता येते का, हे प्रश्न कायदा विचारत नाही; ते समीक्षेचे प्रश्न आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या, १९९४ मध्ये याच प्रदेशासाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी ते आपले मानावयास हवेत. बंद होण्यापूर्वी या गेमांचे नियम, त्यांत रुळलेली संमिश्र मराठी, त्यांच्या खेळाडूंची कथने यांची नोंद झाली नाही, तर एका पिढीने सर्वाधिक वेळ दिलेल्या संहितेविषयी तिच्या भाषेत केवळ तक्रारी तेवढ्या शिल्लक राहतील.