चिठ्ठी आणि पदवी : मेनोनाइट महाविद्यालयांचा आरंभकाळ

मेनोनाइट हे नाव मराठी वाचकाच्या कानावर सहसा पडत नाही. पण नागपूर ही ज्या मध्य प्रांताची राजधानी होती, त्याच प्रांतातल्या धमतरीला १८९९ साली अमेरिकन मेनोनाइट मिशनचे पहिले लोक दुष्काळग्रस्तांच्या कामासाठी आले. याच मिशनमधले जॉर्ज लॅप पुढे १९१८-१९ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या गोशेन महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. लॅप गेल्यानंतर चारच वर्षांनी, १९२३ मध्ये, हे महाविद्यालय चालवणाऱ्या मंडळानेच त्याला कुलूप घातले. एखादा समाज पोटाला चिमटा काढून महाविद्यालय उभारतो आणि मग स्वतःच्याच हाताने ते बंद करतो, हे का घडते? या प्रश्नामुळे मी या इतिहासाकडे वळलो. मला मिळालेले उत्तर रूढ उत्तरापेक्षा वेगळे आहे, म्हणून हा लेख.

मेनोनाइट हे सोळाव्या शतकातल्या पुनर्बाप्तिस्मावाद्यांचे वारस. १५२५ मध्ये झुरिकला काही तरुणांनी ठरवले की बाप्तिस्मा अजाण बालकाला देण्यात अर्थ नाही, तो समजून-उमजून घेणाऱ्या प्रौढाचा निर्णय असला पाहिजे. शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, ही पुढची व्रते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही सत्तांनी त्यांना जाळले, बुडवले, हद्दपार केले. मेन्नो सिमन्स या डच धर्मगुरूच्या नावावरून त्यांना नाव मिळाले. यातले काही १६८३ पासून पेनसिल्व्हेनियात येऊन वसले. काही रशियाच्या गवताळ प्रदेशात गेले, आणि त्यांच्यापैकी हजारो जण १८७४ पासून कॅन्ससकडे व मॅनिटोबाकडे निघाले.

या समाजाच्या उच्च शिक्षणाचा इतिहास बहुधा ‘जागृती’ची कहाणी म्हणून सांगितला जातो. शेतात आणि चर्चमध्ये मग्न असलेला एक झोपलेला समाज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जागा झाला आणि महाविद्यालये निघू लागली, अशी ही मांडणी. ओहायोतील वॉड्सवर्थ (१८६८), कॅन्ससमधील बेथेल (१८९३), एल्कहार्ट (१८९४) व तिचेच पुढचे रूप गोशेन (१९०३), ब्लफ्टन (१९००), टेबर (१९०८), हेस्टन (१९०९), हॅरिसनबर्ग (१९१७) अशी सनावळी लावली की ही कहाणी आपोआप पटते. माझा आक्षेप ‘झोपलेला’ या शब्दाला आहे.

पुस्तके होती, पंडित नको होते

पेनसिल्व्हेनियात स्किपॅकला क्रिस्टोफर डॉक नावाचा मेनोनाइट शाळामास्तर होता. शाळा कशी चालवावी यावर त्याने १७५० मध्ये एक पुस्तक लिहिले. ते १७७० मध्ये छापले गेले, आणि अमेरिकेतल्या अध्यापनशास्त्रावरच्या सर्वांत जुन्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्याआधी, १७४८-४९ मध्ये, याच शेतकऱ्यांनी आपल्या हुतात्म्यांचा चरित्रकोश डचमधून जर्मनमध्ये आणवून एफ्राटा येथे छापून घेतला. सुमारे दीड हजार पानांचा हा ग्रंथ वसाहतकालीन अमेरिकेत छापलेल्या पुस्तकांतला सर्वांत मोठा मानला जातो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तर १७३५ पासूनच मेनोनाइटांचे धर्मशिक्षणाचे विद्यालय होते. एवढी पुस्तके पदरमोड करून छापणाऱ्या लोकांना निरक्षर किंवा निद्रिस्त म्हणता येणार नाही.

त्यांना नको होते ते विद्यापीठ, आणि त्याचे कारण त्यांच्या स्मृतीत होते. झुरिकच्या पहिल्या गटातला कॉनराड ग्रेबेल व्हिएन्नात आणि पॅरिसमध्ये शिकला होता. बाल्थासार हुबमायर धर्मशास्त्राचा डॉक्टर होता. हे दोघेही चळवळीच्या पहिल्या तीनच वर्षांत गेले. ग्रेबेलला रोगाने नेले, हुबमायरला सत्तेने जिवंत जाळले. उरलेल्यांना जे विद्वान भेटले ते न्यायासनावर बसलेले, त्यांना पाखंडी ठरवणारे. ‘जितका शिकलेला, तितका वाकडा’ अशा अर्थाची एक जर्मन म्हण या लोकांत शतकानुशतके चालत आली. तिच्यात अज्ञानाचा अभिमान शोधण्यापेक्षा साक्षीदाराचा अनुभव शोधावा, असे मला वाटते.

दुसरे कारण रचनेतले आहे आणि इतिहासलेखनात त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. अनेक मंडळ्यांत उपदेशक चिठ्ठी टाकून निवडला जाई. मंडळीने सुचवलेली जितकी नावे, तितकी पुस्तके मेजावर मांडायची आणि एकात चिठ्ठी ठेवायची. ज्याच्या हाती ते पुस्तक येईल तो आयुष्यभराचा बिनपगारी उपदेशक. सकाळी नांगर धरणारा माणूस संध्याकाळी देवाचा निवडलेला होऊन घरी परतत असे. या पद्धतीत अधिकार पात्रतेने मिळत नाही, म्हणून तो कुणाला कमावताही येत नाही. महाविद्यालय नेमके याच्या उलट काम करते. ते पात्रता घडवते आणि तिच्यावर शिक्का मारते. तेव्हा चिठ्ठी आणि पदवी यांचे भांडण हे ज्ञान आणि अज्ञान यांच्यातले भांडण नव्हते. मंडळीच्या वतीने बोलायचे कुणी, हा त्यातला प्रश्न होता.

वॉड्सवर्थ आणि गोशेन

पहिला प्रयोग वॉड्सवर्थचा. त्यामागची प्रेरणा जॉन ओबरहोल्ट्झर यांची. हे व्यवसायाने कुलुपे बनवणारे आणि शाळाशिक्षक. मंडळीच्या परिषदेला लेखी घटना असावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यावरून आणि उपदेशकाच्या कोटाच्या ठरीव कापावरून १८४७ मध्ये फूट पडली. १८६० मध्ये स्थापन झालेल्या जनरल कॉन्फरन्स या नव्या संघटनेने ही संस्था काढली. जानेवारी १८६८ मध्ये ती उघडली आणि १८७८ च्या अखेरीस बंद पडली. इमारतीचे कर्ज पहिल्या दिवसापासून मानगुटीवर होते. प्राचार्य होते क्रिस्चन शोवॉल्टर, तर धर्मशास्त्राचे प्राध्यापक कार्ल युस्टुस व्हान डर स्मिसेन जर्मनीहून आलेले पंडित. शिस्तीपासून शिकवण्यापर्यंत दोघांचे जमेना. शिकवायचे जर्मनमध्ये की इंग्रजीत, हा वाद वेगळाच. पण या पडलेल्या संस्थेतून सॅम्युअल हाउरी बाहेर पडला आणि १८८० मध्ये अरापाहो आदिवासींमध्ये काम करायला गेला. संस्था मोडली तरी तिथे शिकलेली माणसे कामाला लागली होती.

गोशेनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. हेन्री मुमॉ या डॉक्टरने १८९४ मध्ये एल्कहार्टला शाळा काढली. १८९६ मध्ये तिच्या नव्या इमारतीच्या वेळी प्रचारक जॉन कॉफमन यांनी भाषण केले, त्याचा विषयच ‘प्रगतीची प्रेरणा’ असा होता. ज्या समाजात साधा पोशाख हे व्रत, तिथे ‘प्रगती’ हा शब्द व्यासपीठावरून उच्चारणे धाडसाचे होते. नोआ बायर्स १८९८ मध्ये प्राचार्य म्हणून आले आणि १९०३ मध्ये स्थलांतरित गोशेनचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांनी ब्रीद दिले, ‘सेवेसाठी संस्कृती’. या दोन शब्दांत मला एक तडजोड दिसते. संस्कृतीची ओढ आहे, पण तिला सेवेचा परवाना हवा आहे. शिकण्याचा आनंद हे पुरेसे कारण म्हणून सांगण्याची सोय नव्हती.

पहिल्या महायुद्धानंतर ही तडजोड ताणली गेली. कर्ज वाढले, आधुनिक विचारांचा संशय वाढला, १९१८ ते १९२३ या पाच वर्षांत चार अध्यक्ष झाले. शेवटचे डॅनियल कौफमन. सिद्धान्तनिष्ठ पक्षाचे हे पुढारी, चर्चच्या साप्ताहिकाचे संपादक, आणि एके काळचे शाळामास्तर. त्यांच्याच कारकिर्दीत १९२३ मध्ये महाविद्यालय वर्षभरासाठी बंद झाले. अनेक अध्यापक आणि विद्यार्थी ब्लफ्टनकडे वळले, तिथून फारसे कुणी परतले नाही.

इतिहास कुणी लिहिला?

अमेरिकन मेनोनाइटांच्या शिक्षणाचा सलग इतिहास १९२५ मध्ये जॉन एल्सवर्थ हार्ट्झलर यांनी लिहिला. हे १९१३ ते १९१८ गोशेनचे अध्यक्ष होते आणि कर्जाच्या व मतभेदांच्या वादळात पायउतार झाले होते. त्यांचे पुस्तक उपयुक्त आहे, पण ते एका पक्षकाराचे निवेदन आहे हे विसरून ते वाचता येत नाही. सुधारकांनी पुस्तके लिहिली, विरोधकांनी बहुधा ठराव केले. पुढच्या पिढ्यांना पुस्तके सापडली आणि विरोधक हे फक्त ‘अडथळा’ म्हणून उरले.

आणखी एक आवाज हरवला, तो भाषेमुळे. बेथेलचे पहिले अध्यक्ष सी. एच. वेडेल यांनी १९०० ते १९०४ मध्ये मेनोनाइटांचा चार खंडी इतिहास जर्मनमध्ये लिहिला. त्यांच्या लेखी मंडळी हाच ख्रिस्ती जीवनाचा गाभा होता, आणि महाविद्यालय हे त्या मंडळीचेच काम होते. चिठ्ठी आणि पदवी यांना एका घरात नांदवण्याचा वैचारिक प्रयत्न मला वेडेल यांच्यात दिसतो. १९१० मध्ये ते पन्नाशी गाठण्याआधीच गेले. महायुद्धाने अमेरिकेत जर्मन भाषा संशयास्पद ठरवली आणि त्यांच्याच महाविद्यालयातल्या नव्या पिढ्यांना त्यांची पुस्तके वाचता येईनाशी झाली. भाषा गेली की ग्रंथ कपाटात राहूनही नाहीसे होतात, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

उलट गोशेन १९२४ मध्ये पुन्हा उघडले तेव्हा आलेले तरुण अध्यापक हॅरल्ड बेंडर इंग्रजीत लिहीत होते. त्यांनी १९२७ मध्ये संशोधन-त्रैमासिक सुरू केले आणि १९४३ मध्ये पुनर्बाप्तिस्मावादाच्या मूळ दृष्टीवर गाजलेले व्याख्यान दिले. विरोधकांनी शुद्ध करून घेतलेल्या महाविद्यालयातूनच समाजाला स्वतःचा इतिहास परत मिळाला. ‘जागृती’च्या कहाणीत ही गोष्ट नीट बसत नाही.

मग विरोधकांची भीती खरी होती का? दुसऱ्या महायुद्धात युद्धाला नकार देणाऱ्यांसाठी नागरी सेवेची शिबिरे होती. बोलावणे आलेल्या मेनोनाइट तरुणांपैकी, ज्या जनरल कॉन्फरन्सने महाविद्यालयाचा मार्ग आधी धरला तिच्यातले निम्म्याहून अधिक सैन्यात गेले. गोशेन ज्या जुन्या शाखेचे, तिच्यातले बहुसंख्य शिबिरांत गेले. याचे खापर एकट्या महाविद्यालयांवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण शाखांच्या शिस्तीत आणि वस्तीत इतरही फरक होते. पण ती भीती पोकळ नव्हती, एवढे हे आकडे सांगतात.

माझे म्हणणे महाविद्यालयांच्या विरुद्ध नाही. ती नसती तर वेडेलही नसते आणि बेंडरही नसते. मात्र पदवीने चिठ्ठीची जागा घेतली तेव्हा एक मौल्यवान गोष्ट हातची गेली. शेजाऱ्यांतला कुणीही माणूस उद्या आपल्या वतीने बोलू शकतो, हा तो विश्वास. शिक्षणाचा इतिहास शिकलेलेच लिहितात, म्हणून या तोट्याची नोंद त्यात क्वचित होते. मेनोनाइट महाविद्यालयांचा आरंभकाळ वाचताना मिळवलेल्या इमारतींबरोबर ही नोंदही करायला हवी. तसे केले तर १९२३ चे ते कुलूप निव्वळ अडाणीपणाचे वाटणार नाही. एका समाजाने स्वतःला विचारलेल्या अवघड प्रश्नाचे ते चुकीचे, पण प्रामाणिक उत्तर होते.