अनाहूत गर्भ आणि अनुपस्थित निवेदक : जॉन विंडम यांच्या ‘द मिडविच कुकूज’ या कादंबरीचा विचार

जॉन विंडम (१९०३–१९६९) या इंग्रज लेखकाची ‘द मिडविच कुकूज’ ही कादंबरी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथा या तिन्ही प्रकारांच्या सीमेवर उभ्या असलेल्या या कादंबरीचे कथासूत्र परिचित आहे. मिडविच नावाच्या आडबाजूच्या इंग्रजी खेड्यावर २६ सप्टेंबरच्या रात्री एक अदृश्य आवरण पडते. त्याच्या कक्षेत शिरणारा प्रत्येक जीव तत्क्षणी शुद्ध हरपतो. हे आवरण जसे येते तसेच निघूनही जाते. काही आठवड्यांनी लक्षात येते की, गावातील गर्भधारणाक्षम वयाच्या जवळजवळ सर्व स्त्रियांना दिवस गेले आहेत. त्यांत अविवाहित मुली आहेत आणि पती परगावी असलेल्या स्त्रियाही आहेत. जन्माला येणारी सुवर्णनेत्री मुले परस्परांशी मनाने जोडलेली असतात. एका मुलाने शिकलेले साऱ्या मुलांना अवगत होते, एका मुलीने शिकलेले साऱ्या मुलींना. इतरांची इच्छाशक्ती आपल्या ताब्यात घेण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी असते. ही मुले मानववंशाच्या विनाशाची नांदी आहेत, या निष्कर्षाप्रत आलेला वृद्ध विचारवंत गॉर्डन झेलबी अखेरीस स्फोट घडवून त्यांच्यासह स्वतःचाही अंत करतो.

विंडम यांच्या लेखनाकडे पाहण्याची एक दृष्टी ब्रायन आल्डिस यांनी १९७३ मध्ये रूढ केली. जग कोसळत असताना मध्यमवर्गीय नायकाचे फारसे काही बिघडत नाही, अशा ‘सुखवस्तू प्रलया’चे लेखक म्हणून त्यांनी विंडम यांची संभावना केली. ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’च्या (१९५१) संदर्भात या आक्षेपाला काही आधार आहे. मिडविचच्या बाबतीत मात्र तो अपुरा ठरतो. येथे प्रलय आकाशातून कोसळत नाही, तो स्त्रियांच्या उदरात वाढतो. आणि सुखवस्तू राहतो तो केवळ निवेदक. कादंबरीच्या वाचनात खरी अडचण येथूनच सुरू होते.

निवेदक रिचर्ड गेफर्ड त्या रात्री मिडविचमध्ये नाही. आपला वाढदिवस साजरा करण्यासाठी तो पत्नी जॅनेटसह लंडनला गेलेला आहे. या योगायोगामुळे जॅनेट गर्भवती होत नाही. कथानकाला लागणारी ही किरकोळ सोय वाटते, परंतु तिचा परिणाम दूरगामी आहे. संपूर्ण घटना ज्याच्या तोंडून कळते, त्याच्या घरात ती घडलेलीच नाही. पुढे मुलांच्या जन्मानंतर हे दांपत्य कॅनडाला जाते आणि आठ वर्षांनी परतते. म्हणजे गर्भधारणेच्या वेळी निवेदक अनुपस्थित आणि संगोपनाच्या काळातही अनुपस्थित. नको असलेल्या, किंबहुना आपल्या नसलेल्या मुलाला दूध पाजणे, त्याची आजारपणे काढणे, त्याच्या नजरेच्या धाकात वावरणे हा साऱ्या कथेचा गाभा आहे, आणि नेमकी ती वर्षे संहितेत रिकामी आहेत. स्वतः न पाहिलेले प्रसंगही गेफर्ड इतरांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे सांगतो. तथापि त्याचे माहितीदार बहुधा पुरुष आहेत : झेलबी, डॉ. विलर्स आणि सैनिकी गुप्तवार्ता विभागातील मित्र बर्नार्ड वेस्टकॉट. मातृत्वाची वार्ता अहवालाच्या भाषेत वाचकापर्यंत पोचते.

या पार्श्वभूमीवर गावाच्या सभागृहात भरणारी स्त्रियांची सभा हा कादंबरीतील सर्वांत मोलाचा प्रसंग होय. सभेची कल्पना झेलबीच्या वर्तुळातून पुढे आलेली असली, तरी सभेला पुरुषांना मज्जाव आहे आणि व्यासपीठावरून बोलते ती त्याची पत्नी अँजेला. ती स्वतः गर्भवती आहे; आपल्या पोटातील मूल पतीचे की त्या रात्रीचे, हे तिलाही ठाऊक नाही. लज्जा, संशय आणि कुजबुज यांनी एकेकट्या पडलेल्या स्त्रियांना ती एकत्र आणते. दोष कोणा एकीचा नाही, हे उघडपणे उच्चारले जाताच गावातील आत्मनाशाची लाट ओसरते. विंडम यांची सामाजिक जाण येथे तीक्ष्ण आहे, हे मान्य करावेच लागते. परंतु सभा ज्या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत येते तो प्रश्न ती ओलांडत नाही. हा गर्भ वाढवायचा की नाही, हे कोणी ठरवायचे? गर्भपाताचा विचार कादंबरीत ओझरता येऊन जातो. इंग्लंडमध्ये तेव्हा १८६१ च्या कायद्यान्वये गर्भपात हा गुन्हा होता आणि त्यात व्यापक सुधारणा होण्यास १९६७ साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले तर लेखकाचा संकोच समजू शकतो. मात्र त्या संकोचाची भरपाई म्हणून सभेतून निष्पन्न होते ते धीराने सहन करण्याचे आवाहन. शिवाय सारे प्रकरण शासनाच्या गुप्ततेखाली झाकले जाते, ही बाब कादंबरी फारशी खटकून घेत नाही.

उत्तरार्धात प्रश्नाची भाषाच बदलते. अन्यत्रही अशीच मुले जन्मल्याचे उघड होते. कोठे अर्भकांना मरणाच्या स्वाधीन केले जाते, कोठे मातांसकट त्यांची हत्या होते, तर रशियातील गिझिन्स्क हे गाव रहिवाशांसह अण्वस्त्राने नष्ट केले जाते. मुले स्वतःच दाखवून देतात की, लोकमतावर चालणाऱ्या राज्याला आपला संहार करणे जड जाईल. शीतयुद्धाच्या काळातील हा युक्तिवाद आजही अस्वस्थ करतो. मात्र त्याच्या ओघात मिडविचच्या माता निर्णयप्रक्रियेतून पूर्णपणे नाहीशा होतात. झेलबीचा निर्णय एकट्याचा आहे. ज्यांनी या मुलांना जन्म दिला त्यांच्यापैकी एकीचेही मत तो घेत नाही, आणि स्फोटानंतर त्यांना काय वाटले हे सांगण्याची गरज कादंबरीला भासत नाही. येथे लेखकाने झेलबीचे काम सोपे करून ठेवले आहे, हेही नोंदवले पाहिजे : अँजेलाचा मुलगा मानवी निघतो, त्यामुळे झेलबीला स्वतःच्या पत्नीने जन्म दिलेल्या मुलाचा घात करावा लागत नाही.

शीर्षकाविषयी थोडे विषयांतर आवश्यक आहे. मराठी वाचक ‘कुकू’चा अर्थ सहजच कोकिळा असा लावील. कावळ्याच्या घरट्यात वाढणाऱ्या कोकिळेला आपल्या परंपरेने ‘परभृत’ म्हटले खरे, पण तिचे नाते वसंताशी आणि माधुर्याशी जोडले. हसे झाले ते कावळ्याचे. युरोपातील कुकूचे पिल्लू मात्र अंड्यातून बाहेर पडताच यजमान पक्ष्याची अंडी व पिल्ले घरट्याबाहेर ढकलून देते. विंडम यांना हे क्रौर्य अभिप्रेत आहे. पण दोन्ही परंपरांत घरटे राखणाऱ्या मादीच्या बाजूने कोणी बोलत नाही.

वुल्फ रिला यांनी १९६० मध्ये ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ या नावाने या कादंबरीवर चित्रपट केला. पुरुषसंबंधावाचून घडणाऱ्या गर्भधारणेचे सूचन धार्मिक भावना दुखावील या भीतीने अमेरिकेत रखडलेली ही निर्मिती इंग्लंडमध्ये पूर्ण झाली. मुलांना आपले विचार वाचता येऊ नयेत म्हणून झेलबी मनात विटांची भिंत उभी करतो, हे दृश्य योग्यच गाजले. त्याहून महत्त्वाचा बदल असा की, येथे झेलबीच्या पत्नीचा मुलगा डेव्हिड त्या मुलांपैकीच एक आहे. मूळ संहितेने टाळलेला पेच चित्रपटाने पत्करला, आणि म्हणून त्याचा शेवट अधिक वेदनादायक झाला. २०२२ मधील दूरदर्शन मालिकेत तर झेलबीची व्यक्तिरेखाच स्त्रीची आहे, ती व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ आहे. निवेदकाने ज्या घरांत पाऊल टाकले नाही, तेथे रूपांतरकारांना पुन्हापुन्हा शिरावे लागले.

मूळ कादंबरी एका पत्राने संपते. जंगलात जगायचे तर जंगलाचाच न्याय पाळावा लागतो, या आशयाचे ते पत्र झेलबीने अँजेलासाठी मागे ठेवले आहे. सभागृहात गावातील स्त्रियांसमोर उभी राहून बोलणाऱ्या अँजेलाचे त्या पत्रावरील उत्तर कादंबरीत नाही.