'बोली' म्हटले की काय होते

सिंगापुरात ७ सप्टेंबर १९७९ रोजी चिनी समाजासाठी एक मोहीम सुरू झाली. उद्घाटन खुद्द पंतप्रधान ली क्वान यू यांनी केले. घोषणा साधी होती: मँडरिन जास्त बोला, बोली कमी बोला. यातल्या 'बोली' या शब्दाबद्दल आम्हांला लिहावयाचे आहे.

होक्किएन, तेओच्यू, कँटोनीज, हाक्का यांना तिथे बोली म्हणतात. वास्तविक होक्किएन बोलणाऱ्याला कँटोनीज समजत नाही, आणि मँडरिन तर दोघांनाही शिकावीच लागे. तरी सरकारी कागदावर एक ठरली भाषा, बाकीच्या बोली. मराठीत हा शब्द काही वाईट नाही. 'मायबोली' म्हणताना आपला ऊर भरून येतो. पण शेजारी 'शुद्ध भाषा' आणून बसवली की तोच शब्द एक पायरी खाली उतरतो. आमच्या शाळेच्या दिवसांत अलिबाग-रेवदंड्याकडून मुंबईस आलेल्या मुलाने तोंड उघडले की मास्तर म्हणत, "शुद्ध बोल." मग ते पोर महिनाभर हात वर करीत नसे.

यिद्दिशची हीच गत झाली. हिब्रूचे कैवारी तिला 'झार्गोन' म्हणत, आणि घरोघरच्या आज्या नातवंडांसमोर गप्प बसू लागल्या. आणि नावाचा घाव कसा असतो हे आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको. १९६२ साली रब्बीमंडळाने लग्नासंबंधी ज्या सूचना काढल्या, त्यांत 'बेने इस्राएल' असे नाव घेऊन चौकशी करावयास सांगितले होते. त्या दोन शब्दांसाठी आपली माणसे १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला ठाण मांडून बसली, आणि ऑगस्टअखेर ते शब्द निघाले.

ली क्वान यू यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. तेओच्यू आणि हाक्का शेजाऱ्यांना एकमेकांशी बोलता यावे, मुलांच्या डोक्यावर इंग्रजी, मँडरिन आणि वर तिसरी असा भार पडू नये, हे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकाला ते पटण्यासारखे आहे. पण मँडरिन शिका म्हणणे निराळे आणि घरची भाषा कमी बोला म्हणणे निराळे. २०१० च्या जनगणनेत घरी मुख्यतः चिनी बोली बोलणारे १४.३ टक्के होते, २०२० मध्ये ८.७ टक्के उरले. मँडरिनही ३५.६ वरून २९.९ वर आली. वाढली ती इंग्रजी!

दुसरा शब्द 'मातृभाषा'. तिथल्या शाळेत ती आईवरून ठरत नाही, वंशावरून ठरते. चिनी मुलाची मातृभाषा मँडरिन, मग आई होक्किएन का बोलेना. भारतीय मुलाला तमिळ, किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. या यादीत मराठी नाही. तेव्हा मराठी घरातले मूल बहुधा हिंदी घेते, आणि प्रगतिपुस्तकात तीच त्याची मातृभाषा होऊन बसते.

२०१४ साली जुन्या पिढीसाठी सवलती आल्या, तेव्हा सरकारला दिसले की म्हाताऱ्यांना त्या मँडरिनमध्ये नीट समजत नाहीत. मग होक्किएन-कँटोनीजमध्ये चित्रफिती निघाल्या. २०१६ साली रॉयस्टन टान या दिग्दर्शकाची होक्किएन मालिका चॅनल ८ वर आली. तिच्या नावाचा अर्थ 'जेवलात का?'. याहून चांगले नाव सुचणे कठीण; कोकणातही दारात आलेल्याला पहिला प्रश्न हाच. मालिकेला सरकारचा पाठिंबा होता आणि योजनांची माहिती गोष्टीत घालून दिली होती, म्हणजे औषध गुळाच्या खड्यात. तेवढे खटकते. पस्तीस-एक वर्षे ज्या भाषेत कमी बोला म्हणून सांगितले, तिची आठवण सूचना द्यावयाची वेळ आल्यावर झाली. म्हाताऱ्याशी त्याच्या भाषेत बोलण्याचे कारण केवळ त्याला औषधपाणी आणि सवलती सांगणे एवढेच असावे काय? तरी ही मालिका होक्किएन बोलणाऱ्या माणसांना विनोदापुरते वापरीत नाही. ती भांडतात, रुसतात, बाजार करतात, सगळे आपल्या भाषेत. पुढे तिचे आणखी भाग काढावे लागले, याचे आम्हांला नवल वाटत नाही.